‘वेअर’ आणि ‘छ्वान’: अंगावर चढवणे आणि अंगावर असणे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्याहून चीनमधील नोकरदार प्रौढांना ऑनलाइन इंग्रजी शिकवता. एका तासाच्या सुरुवातीला एक विद्यार्थी कॅमेरा बंद ठेवून म्हणाला, ‘वन मिनिट, आय ॲम वेअरिंग माय ग्लासेस.’ आपण ‘पुटिंग ऑन’ अशी दुरुस्ती केली, तेव्हा त्याने विचारले की दोन्हींचा अर्थ एकच नाही का. आपणही लहानपणापासून ‘वेअर युवर शूज’ असेच ऐकत आणि म्हणत आल्यामुळे चूक नेमकी कोठे आहे, हे आपल्याला त्या क्षणी सांगता आले नाही. म्हणून ‘वेअर’ हे क्रियापद चिनी भाषकांना मुळापासून कसे शिकवावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली १८ वर्षे चिनी भाषकांना इंग्रजी शिकवत आले आहे. त्यातला बहुतेक काळ सिंगापुरात, दिवसभर राबून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या माणसांबरोबर गेला. इतके साधे दिसणारे आणि इतक्या चिवट चुका करायला लावणारे दुसरे क्रियापद मला क्वचितच भेटले. आपल्या विद्यार्थ्याची चूक निष्काळजीपणाची नाही. त्याने आपल्या भाषेचे व्याकरण अगदी नेमकेपणाने इंग्रजीत उतरवले, म्हणूनच ती घडली. तेव्हा आधी त्याच्या क्रियापदाकडे पाहू. (पुढे चिनी शब्द मी कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. त्यांतले सूर, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, देवनागरीत दाखवता येत नाहीत, ते विद्यार्थ्याकडूनच म्हणवून घ्यावेत.)

चिनी विद्यार्थ्याच्या शब्दयादीत ‘वेअर’समोर बहुधा एकच शब्द असतो, तो म्हणजे ‘छ्वान’. या क्रियापदाचा मूळ अर्थ भोक पाडणे, आरपार जाणे असा आहे. त्याच्या अक्षरात वर गुहेचे चिन्ह आणि खाली दाताचे चिन्ह असते, आणि सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या चिनी अक्षरकोशातही त्याची फोड भोकातला दात अशीच केलेली आहे. सुईत दोरा ओवणे, कान टोचणे, रस्ता पार करणे या सगळ्यांसाठी हेच ‘छ्वान’ वापरतात. कपडे घालताना हात बाहीतून जातो, पाय पायजम्यातून जातो, पाऊल बुटात शिरते, म्हणून शर्ट, पँट, मोजे आणि बूट यांच्यासाठी ‘छ्वान’. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी हालचाल आहे. इंग्रजी ‘वेअर’च्या मुळाशी ती नाही. वस्तू अंगावर आहे, एवढेच ते क्रियापद सांगते, आणि ती अंगावर कशी आली याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आपल्या सगळ्या प्रश्नाचे मूळ या एका फरकात आहे.

टोपी, चष्मा, घड्याळ, अंगठी, मास्क, हेल्मेट, श्रवणयंत्र यांच्यासाठी चिनीत ‘छ्वान’ चालत नाही. तेथे ‘ताय’ हे निराळे क्रियापद लागते. हातमोज्यांत बोटे आत शिरत असली तरी त्यांनाही ‘ताय’च म्हणतात, आणि असे का, हे मी अनेक विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा त्यांनी ‘तसेच म्हणतात’ एवढेच उत्तर दिले. आपणही मराठीबद्दल तेच उत्तर दिले असते. गळ्यातला टाय आणि कमरेचा पट्टा यांना बांधण्याचे क्रियापद, मफलरला गुंडाळण्याचे, खांद्यावरच्या शालीला पांघरण्याचे, अत्तराला फवारण्याचे, आणि दाढीला चक्क राखण्याचे क्रियापद आहे. दाढी राखणे हा प्रयोग चिनीत आणि मराठीत असा हुबेहूब जुळतो.

येथे मराठी शिक्षकाच्या हाताशी एक बळ आहे, ते वाया घालवू नये. आपण साडी नेसतो, शर्ट घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, कुंकू लावतो, गजरा माळतो, ओढणी घेतो आणि बांगड्या तर भरतो. या सगळ्यांसाठी इंग्रजीत एकटे ‘वेअर’ पुरते, हे आपल्याला कळायला शाळेत जेवढे दिवस लागले असतील तेवढेच चिनी विद्यार्थ्याला लागतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकाला या ठिकाणी काही शिकवण्यासारखे आहे हेच अनेकदा दिसत नाही, कारण त्याच्या भाषेत हा भेदच नाही. विद्यार्थी मात्र अत्तरासाठी, सीटबेल्टसाठी, मेकअपसाठी निरनिराळी क्रियापदे शोधत अडखळत असतो. ‘शी वेअर्स परफ्यूम’, ‘ही वेअर्स अ सीटबेल्ट’, ‘शी वेअर्स हर हेअर शॉर्ट’ अशी वाक्ये त्याला आपणहून सुचत नाहीत, ती मुद्दाम द्यावी लागतात. मी पहिल्या तासाला मराठीतली ही आठ क्रियापदे हावभावांसह करून दाखवते, मग विद्यार्थी आपली चिनी क्रियापदे सांगतात, आणि शेवटी फळ्यावर त्या सगळ्यांभोवती एक मोठे वर्तुळ काढून त्यावर ‘वेअर’ लिहिते. त्यांच्या भाषेत वैविध्य आहे आणि इंग्रजीत ते या जागी कमी आहे, हे एकदा कळले की भीती बरीचशी कमी होते.

‘ताय’बद्दल एक लहान सूचना. अगदी याच उच्चाराचे आणि याच सुराचे दुसरे क्रियापद चिनीत आहे, त्याचा अर्थ जवळ बाळगणे, सोबत आणणे असा होतो. त्यामुळे ‘आज मी चष्मा घातला नाही’ आणि ‘आज मी चष्मा आणला नाही’ ही दोन वाक्ये चिनीत कानाला एकसारखी लागतात, फरक फक्त अक्षर लिहिले की दिसतो. विद्यार्थी ‘आय डिडन्ट वेअर माय ग्लासेस टुडे’ म्हणाला आणि पाहावे तर चष्मा घरी राहिलेला असेल, तर त्याला ते अक्षर वहीत लिहायला सांगावे. लिहिताना त्याचे त्यालाच कळते की येथे ‘ब्रिंग’ हवे होते.

आता मुख्य मुद्दा. चिनी क्रियापदाला काळाप्रमाणे रूपे नसतात. ते कधीच बदलत नाही, मात्र त्याच्या मागेपुढे छोटे शब्द लागतात आणि क्रिया चालू आहे, झाली आहे की टिकून आहे, हे त्यांवरून समजते. यांतले दोन शब्द आपल्याला नीट ओळखता आले पाहिजेत. क्रियापदाच्या आधी ‘त्साय’ आले तर क्रिया या क्षणी चालू आहे असा अर्थ होतो. क्रियापदाच्या नंतर ‘च’ आले तर क्रियेतून निर्माण झालेली स्थिती टिकून आहे असा अर्थ होतो. ‘वो त्साय छ्वान श्ये’ म्हणजे मी बूट चढवतो आहे, वाकलो आहे, नाडी हातात आहे. ‘था छ्वान-च माओयी’ म्हणजे त्याच्या अंगात स्वेटर आहे. स्वेटर सकाळीच चढवून झाला, आता तो नुसता अंगात आहे. हा भेद चिनी भाषक लहानपणापासून करत आलेला असतो. कॅन्टनीज बोलणाऱ्यांकडेही अगदी हाच भेद दोन निराळ्या प्रत्ययांनी होतो, त्यामुळे विद्यार्थी हाँगकाँगचा असला तरी हा मार्ग बंद होत नाही.

अडचण अशी की इंग्रजीतल्या ‘आयएनजी’ रूपासाठी त्याने पाठ केलेला अर्थ ‘त्साय’ हाच असतो. ‘ईटिंग’ म्हणजे ‘त्साय’ अधिक खाणे, ‘रायटिंग’ म्हणजे ‘त्साय’ अधिक लिहिणे, हे समीकरण शेकडो क्रियापदांना बिनचूक लागू पडते. मग ‘वेअरिंग’ म्हणजे ‘त्साय’ अधिक छ्वान, अर्थात बूट चढवत असणे, हे त्याने मानले तर त्याची काय चूक? पण ‘वेअरिंग’ या रूपात दडलेला अर्थ ‘त्साय’चा नसून ‘च’चा आहे. ‘आय ॲम वेअरिंग माय ग्लासेस’ म्हणजे चष्मा डोळ्यांवर आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या मनात ‘वो त्साय ताय’ होते, तोंडातून मात्र ‘वो ताय-च’चे इंग्रजी बाहेर पडले. त्याला याच शब्दांत सांगावे: ‘वेअरिंग’ ऐकले की मनात ‘च’ म्हण, आणि ‘त्साय’ म्हणायचे असेल तर ‘पुटिंग ऑन’ म्हण. चिनी न येणाऱ्या शिक्षकानेही हे दोन शब्द शिकून घ्यावेत. अर्ध्या तासाच्या विवेचनाने जे साधत नाही ते या एका वाक्याने साधते, कारण विद्यार्थ्याला नवे काही शिकायचे नसते, त्याच्याकडे आधीच असलेला भेद योग्य खुंटीला टांगायचा असतो.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही, हे मला एका विद्यार्थ्यामुळे कळले. ईशान्य चीनमधून आलेला हा गृहस्थ एका बांधकामावर मुकादम होता. उंचावरच्या पाळण्यात दोन कामगार चढले होते आणि खालून अभियंत्याने फोनवर विचारले, ‘हार्नेस?’ याने उत्तर दिले, ‘दे आर वेअरिंग.’ त्याला सांगायचे होते की पट्टे बांधणे चालू आहे, जरा थांबा. अभियंत्याने ऐकले की पट्टे अंगावर आहेत, आणि पाळणा वर घेण्याची खूण केली. एकाचा पट्टा तेव्हा नुसता खांद्यावर लोंबत होता. मुकादमाने चिनीत ओरडून पाळणा थांबवला आणि कोणाला काही झाले नाही. पण त्या संध्याकाळी तो वर्गात आला तेव्हा त्याने वही उघडली नाही, फक्त मला विचारले की मी नेमके काय चुकीचे बोललो. त्या दिवसापासून मी ‘पुट ऑन’ आणि ‘वेअर’ कधीही वेगवेगळ्या तासांना शिकवलेले नाही.

या ठिकाणी मराठी शिक्षकाने स्वतःचीही तपासणी करावी, कारण आपली चूक त्यांच्या चुकीपेक्षा निराळ्या बाजूची असते. मराठीत आपण ‘त्याने लाल शर्ट घातला आहे’ असे म्हणतो, म्हणजे स्थिती सांगायला पूर्ण झालेल्या क्रियेचे रूप वापरतो. त्याचा शब्दशः मागोवा घेत आपल्याकडे ‘ही हॅज वोर्न अ रेड शर्ट’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला हे वाक्य असे ऐकू येते की त्याने पूर्वी कधीतरी लाल शर्ट घातलेला आहे. चिनी विद्यार्थी हे वाक्य बहुधा आपणहून करणार नाही, तो ‘टुडे ही वेअर रेड शर्ट’ म्हणेल, किंवा क्रिया झाली असे दाखवणारा चिनीतला छोटा शब्द ‘ल’ मनात धरून ‘ही वोअर अ रेड शर्ट’ म्हणेल आणि समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दलच म्हणेल. पण शिक्षिकेच्या तोंडी ‘हॅज वोर्न’ ऐकले तर तो ते प्रामाणिकपणे उचलेल. मी स्वतः पहिली दोन वर्षे ते शिकवले, याची मला आजही खंत आहे. आता दिसत असलेल्या पोशाखासाठी ‘इज वेअरिंग’, आणि नेहमीच्या सवयीसाठी ‘वेअर्स’. ‘शी वेअर्स ग्लासेस’ म्हणजे तिला चष्मा आहे, मग तो या क्षणी टेबलावर का असेना.

आपण लहानपणी ऐकलेले ‘वेअर युवर शूज’ सर्वस्वी चुकीचे आहे का, तर तसे नाही. नियम किंवा निवड सांगायची असेल तर आज्ञार्थी ‘वेअर’ अगदी योग्य आहे. ‘वेअर अ हेल्मेट ॲट ऑल टाइम्स’ ही पाटी बरोबर आहे, ‘वेअर द ब्लू साडी टुमॉरो’ हेही बरोबर आहे. दारात उभे राहून, चल निघू या, बूट घाल, असे म्हणायचे असेल तेव्हा मात्र ‘पुट युवर शूज ऑन’ हवे. सिंगापुरात या क्षणासाठीही ‘वेअर युवर शूज’ सर्रास म्हणतात आणि ते सर्वांना कळते, आपल्याकडेही कळते. मी विद्यार्थ्यांना तसे स्पष्ट सांगते: शेजाऱ्याला हे चालेल, पण लेखी परीक्षेत, परदेशी ग्राहकाशी बोलताना आणि सुरक्षिततेच्या कामात ते टाळावे.

याच कुळातली आणखी दोन वाक्ये प्रत्येक वर्गात येतात. पहिले, ‘आय ॲम वेअरिंग क्लोद्ज, प्लीज वेट.’ चिनीत ‘मी कपडे घालतोय’ याचे हे सरळ रूपांतर, पण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मी नग्न नाही’ एवढाच होतो. येथे ‘पुटिंग ऑन क्लोद्ज’पेक्षाही ‘आय ॲम गेटिंग ड्रेस्ड’ हे स्वाभाविक आहे. कोणता कपडा ते सांगायचे नसेल तेव्हा इंग्रजी ‘गेट ड्रेस्ड’कडे वळते, हे सूत्र म्हणून द्यावे. दुसरे वाक्य लहान मुलांच्या आईवडिलांचे असते: ‘एव्हरी मॉर्निंग आय वेअर क्लोद्ज फॉर माय डॉटर.’ चिनीत मुलीसाठी असे म्हणून पुढे ‘छ्वान’ आले की मुलीला कपडे घालणे असा अर्थ होतो, आणि मराठीतही ‘मुलीला कपडे घालते’ हे त्याच साच्याचे वाक्य आहे. इंग्रजी ‘वेअर’ मात्र दुसऱ्यासाठी करताच येत नाही. ज्याच्या अंगावर कपडा, तोच त्या क्रियापदाचा कर्ता. म्हणून ‘आय ड्रेस माय डॉटर’ किंवा ‘आय गेट हर ड्रेस्ड’. उलट बाजूने ‘शी ड्रेस्ड अ रेड स्कर्ट’ ही चूकही दिसते. ‘ड्रेस’चे कर्म माणूस असते आणि ‘वेअर’चे कर्म वस्तू असते, एवढे सांगितले की दोन्ही चुका एकाच वेळी सुटतात.

थंडी पडू लागली की चिनी आई मुलाला ‘त्वो छ्वान त्येन यीफु’ म्हणते, म्हणजे अजून थोडे कपडे घाल. त्यात केवढी माया असते, हे घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर दिसते. ते हेच प्रेमाने इंग्रजी सहकाऱ्याला सांगतात: ‘इट इज कोल्ड, वेअर मोअर क्लोद्ज.’ ऐकणाऱ्याला मात्र आपले कपडे अपुरे किंवा अशोभनीय आहेत असा शेरा वाटू शकतो. ‘रॅप अप वॉर्म’ किंवा ‘पुट समथिंग वॉर्म ऑन’ ही वाक्ये त्यांना जरूर द्यावीत, कारण भावना खरी असताना केवळ शब्दांनी गैरसमज होणे फार वाईट. याच तासात कपड्यांचे एकवचन-अनेकवचनही हाताळावे लागते. चिनीत एका कपड्यासाठी निराळा गणनाशब्द (वस्तू मोजताना संख्येला जोडायचा शब्द), पँटसाठी निराळा, बुटांच्या जोडीसाठी निराळा असतो, आणि पँट त्यांच्या लेखी एकच वस्तू असते. त्यामुळे ‘अ ट्राउझर्स’ आणि ‘अ क्लोद्ज’ ही रूपे ऐकू येतात. ‘अ पेअर ऑफ ट्राउझर्स’ लवकर रुळते, ‘क्लोद्ज’ला एकवचन नाही हे पचायला मात्र बरेच दिवस लागतात.

‘लाल शर्ट घातलेला माणूस’ हा प्रयोग मराठी आणि चिनी यांच्यात शब्दक्रमासकट जुळतो, कारण दोन्ही भाषांत हे सगळे विशेषण नामाच्या आधी येते. इंग्रजीत ते नामानंतर जाते, आणि तेथे विद्यार्थी ‘द मॅन वेअर रेड शर्ट इज माय बॉस’ असे दोन क्रियापदांचे वाक्य करून बसतो. ‘हू इज वेअरिंग’ शिकवता येते, पण मी आधी ‘द मॅन इन द रेड शर्ट’ शिकवते. ‘इन’ हा एवढासा शब्द क्रियापदाशिवाय सगळे काम करतो आणि रोजच्या बोलण्यात तोच अधिक ऐकू येतो. मग चित्र दाखवून ‘इन अ हॅट’, ‘इन ग्लासेस’, ‘इन युनिफॉर्म’ असा सराव दहा मिनिटे पुरतो.

रूपांबद्दल फार लिहीत नाही: वेअर, वोअर, वोर्न. एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना सांगितली की आवडते. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद नियमित होते, भूतकाळी त्याला साधा प्रत्यय लागत असे. १४व्या शतकाच्या सुमारास ते ‘बेअर’ आणि ‘टेअर’ या सारख्या ध्वनीच्या क्रियापदांच्या वळणावर गेले आणि ‘वोअर, वोर्न’ झाले. म्हणून ‘बोअर, टोअर, स्वोअर, वोअर’ हे चौघे एका दमात पाठ करून घ्यावेत. मराठी वाचकाला आणखी एक नाते सांगते: ‘वेअर’चा मूळ धातू आणि संस्कृतातील पांघरणे, परिधान करणे या अर्थाचा ‘वस्’ हे एकाच उगमाचे आहेत. आपले ‘वस्त्र’ त्यातूनच आले. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली आहे, तिच्यात मधल्या ‘स’चा पुढे ‘र’ झाला, म्हणून नाते सहजी दिसत नाही. उच्चारात दक्षता दोघांनाही हवी. बेजिंगकडचे अनेक लोक ‘व’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवतात, आणि आपला मराठी ‘व’ही इंग्रजीतल्या ओठ गोल करून म्हणायच्या ध्वनीपासून दूर पडतो. आरशासमोर दोघांनी मिळून सराव करायला हरकत नाही.

आता ‘वेअर’चा दुसरा मोठा प्रांत, झिजण्याचा. कपडा रोज अंगावर राहिला की विरतो, कोपरावर पातळ होतो, आणि तेथूनच या क्रियापदाला झिजवण्याचा अर्थ चिकटला. येथे मला चिनी भाषेची मोठी मदत होते. चिनीत क्रियापदाला परिणाम जोडायची रीत आहे: ‘छ्वान’ला फाटण्याचा शब्द ‘फ्वो’ जोडला की ‘छ्वान-फ्वो’ म्हणजे वापरून वापरून फाटणे. ‘वेअर आउट’मधला ‘आउट’ हेच काम करतो. विद्यार्थ्याला ‘आउट’चा अर्थ बाहेर असा लावू देऊ नये, ‘फ्वो’सारखा तो परिणामाचा शब्द आहे असे सांगावे. मग ‘माय शूज आर वोर्न आउट’ समजते, आणि दमलेल्या माणसासाठी ‘आय ॲम वोर्न आउट’ही समजते. ‘वेअर ऑफ’ हे औषधाचा किंवा भुलीचा अंमल उतरण्यासाठी वापरतात, ‘वेअर डाउन’ हे सततच्या आग्रहाने एखाद्याचा प्रतिकार खचवण्यासाठी. भाडेकरारात येणारे ‘वेअर अँड टेअर’ हे रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेबद्दल असते, आणि घर सोडताना अनामत परत मिळण्याचा प्रश्न त्यावर अडतो. म्हणून परदेशी राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ते हमखास शिकवावे. त्यातला ‘टेअर’ फाटण्याचा आहे, अश्रूचा ‘टिअर’ नाही, हेही सांगावे.

आणि एक जागा अशी आहे जेथे ही दोन्ही क्रियापदे खरोखर भेटतात. चिनीत ‘श्वेइ ती शर छ्वान’ ही चार अक्षरी म्हण प्रत्येक शाळकरी मुलाला येते: पाणी थेंब, दगड आरपार. इंग्रजीतही थेंब थेंब पाण्याने दगड झिजतो अशी म्हण आहे आणि तेथे ‘वेअर अवे’ हे क्रियापद येते. चिनी म्हणीत पाणी दगडाला भोक पाडते, इंग्रजी म्हणीत पाणी दगड झिजवते. मी ही म्हण फळ्यावर लिहिते तेव्हा वर्ग क्षणभर शांत होतो, कारण कपड्यांसाठी पाठ केलेले दोन शब्द तेथे कपड्यांशिवाय समोरासमोर उभे असतात.

उदाहरणे निवडताना एक पथ्य पाळावे. पुरुषाच्या डोक्यावर हिरवी टोपी घालू नये. चिनीत ‘हिरवी टोपी घालणे’ म्हणजे बायकोने नवऱ्याशी प्रतारणा केलेली असणे, आणि रंगांच्या सरावात ‘ही इज वेअरिंग अ ग्रीन हॅट’ हे वाक्य निष्पापपणे आले तरी वर्गाचे लक्ष उडते, एखाद्याचा अपमानही होतो. टोपी निळी करावी.

पुढच्या तासाला आपल्या त्या विद्यार्थ्याबरोबर एवढे करून पाहा. कॅमेरा चालू ठेवून त्याला चष्मा काढायला सांगा: ‘आय ॲम टेकिंग इट ऑफ.’ चिनीत शर्ट उतरवायला एक क्रियापद आणि चष्मा काढायला, जे फूल खुडायलाही वापरतात ते, दुसरे. इंग्रजीत दोन्हींना ‘टेक ऑफ’, हे तेथेच सांगून टाका. मग चष्मा हळूहळू डोळ्यांकडे न्यायला सांगा. काड्या कानांवर टेकेपर्यंत तो ‘आय ॲम पुटिंग इट ऑन’ म्हणत राहील, आणि तो ‘पुटिंग ऑन इट’ म्हणाला तर ‘इट’ मध्ये घालून द्या. चष्मा नाकावर बसला की त्याने हात खाली घ्यावेत, आणि हात खाली गेल्यावरच ‘नाउ आय ॲम वेअरिंग इट’ म्हणावे. चष्म्याला इंग्रजीत ‘देम’ म्हणतात, ही दुरुस्ती त्या दिवशी करू नका, ती पुढच्या तासाला. माझ्या वर्गात हाच सराव दारामागच्या खुंटीवरच्या कोटाने होतो, आणि दुसरी बाही चढली की कोणते क्रियापद बदलायचे, याची घोषणा सगळा वर्ग एका आवाजात करतो.